उष्ण कटिबंधातले गारठलेले मासे

माशांच्या दुकानात काचेच्या टाक्यांवर ‘ट्रॉपिकल’ अशी पाटी असते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातून जातं; म्हणजे गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत आपण सगळेच ट्रॉपिकल. मासेही ट्रॉपिकल, आणि परसात जुना हौद रिकामाच पडलाय. मग सोडा की त्यात! हिटर कशाला हवाय? कार्तिकापर्यंत झकास चालतं. पौषातल्या एका पहाटे एंजल आडवा होऊन तरंगताना दिसतो.

एंजल आणि डिस्कस ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथलं पाणी वर्षभर 26 ते 30 अंशांच्या आतबाहेर असतं. या माशांना उकाड्यापेक्षा तोचतोपणा जास्त लागतो, आणि तो आपल्या देशावर मिळणं कठीण. पुण्यात जानेवारीत दुपारी 30 आणि पहाटे 10, निफाडला एखाद्या वर्षी पारा पाचाच्याही खाली, तर नागपूरला मे महिन्यात 45. मुंबई-कोकणातल्या हौदवाल्यांनी मात्र हा परिच्छेद वाचून खुशाल हसावं.

म्हणून हौद बांधताना पहिला विचार खोलीचा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल म्हणजे 48 घनफूट, साधारण 1,350 लिटर. एवढं पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. हौद जमिनीत असला तर भोवतीची मातीही त्याला सांभाळून घेते. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टबात हे काहीच होत नाही. तो दुपारी चहाचं आधण होतो आणि पहाटे फ्रिज.

सिमेंटचा नवा हौद तर आधी काही दिवस माशांचा वैरीच असतो. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पीएच 9 च्या वर जातो आणि माशांच्या कल्ल्यांची आग होते. हौद भरायचा, चार-पाच दिवसांनी ओतून टाकायचा, पुन्हा भरायचा. असं दोन-तीन आठवडे. केळीच्या खांबाचे तुकडे पाण्यात कुजत ठेवायचे, ही मत्स्यशेतीवाल्यांची जुनी रीत. ती चालते, वास सोसायची तयारी हवी. नंतरही एकदम पन्नास मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू हौदात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर पाच-सहा गप्पी पुरेत.

गप्पीला आपण फुकटात मिळणारा मासा म्हणून हिणवतो, पण परसातल्या हौदाचा खरा मानकरी तोच. मादी महिन्याकाठी पिल्लं घालते. एकदा नराशी गाठ पडली की पुढचे कित्येक महिने नर नसला तरी घालत राहते. डासाच्या अळ्या तर तो चिवड्यासारख्या खातो. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. पण हौदात गप्पी असले की त्याचे दिवस भरत नाहीत. गप्पीच्या जोडीला झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हे मासे घ्यावेत. दोघेही भारतातल्याच ओढ्या-नद्यांतले, त्यामुळे 18 अंशांचं पाणी त्यांना नवं नाही. मॉलीचा मात्र थंडीत भरवसा नाही. ती जागच्या जागी अंग हलवत राहते, लाडात आल्यासारखी. ते लाड नसतात, ती गारठलेली असते.

हौद पाहायचा तर पहाटे, उजाडताना. दुपारी सगळेच हौद छान दिसतात. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालेलं असतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढतं. त्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, 32 अंशांना जेमतेम सव्वासात. पहाटे साडेपाचला सगळा संसार पृष्ठभागाला चिकटून तोंडं उघडझाप करताना दिसला, तर ती भूक समजून खाद्य टाकू नये. ते वर हवा शोधताहेत. अशा वेळी फक्त गुरामी निवांत असतो, कारण त्याला थेट हवेतून श्वास घेता येतो. उपाय दोन: रात्रभर चालणारा छोटा पंप, आणि निम्म्या पाण्यावर कुमुदाच्या पानांची सावली. सगळा हौद झाकणारी जलपर्णी नको.

पाणी बदलायचं ते एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाणी दिवसभर उघडं ठेवावं किंवा 100 लिटरमागे ग्रॅमभर हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे, घालावा.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला तर या हौदात सव्वादोनशे लिटर पाणी नुसतं आभाळातून पडतं. ते सांडायला दोन इंची पाइप हवा आणि त्याच्या तोंडाला जाळी. चहाची गाळणी बसवणारे हुशार असतात, पण आंब्याचं एकच पान तिला चिकटलं की पाणी काठावरून वाहतं आणि पाण्याबरोबर पिल्लंही. पाइपभोवती पसरट जाळीचा पिंजरा करावा. हौदाचं पाणी ओढ्याला तर मुळीच जाऊ देऊ नये. परका मासा एकदा सुटला की तिथलाच होऊन बसतो; उजनी धरणातली चिलापीसुद्धा (तिलापिया) मूळची आफ्रिकेचीच. छपराच्या पागोळ्याही हौदात पडू देऊ नयेत. पावसाचं पाणी इतकं मऊ की पीएच घसरतो. कापडी पिशवीत मूठभर शिंपल्या बांधून सोडल्या की तो धरून राहतो.

राहता राहिली थंडी. हिटरचा मोह होतो, म्हणून हिशेब करून टाकावा. 1,350 लिटर पाणी पाच अंशांनी तापवायला जवळपास आठ युनिट वीज लागते, आणि तीही वाऱ्याने एक अंशही पळवला नाही असं धरून. 300 वॅटचा हिटर हे काम सव्वीस तासांत करेल. तोवर दुसरी रात्र आलेली असते. त्यापेक्षा सूर्य मावळला की हौदावर थर्माकोलच्या शीट टाकाव्यात, हवेपुरती फट ठेवून, आणि सकाळी काढाव्यात. गच्चीवरच्या टाकीतलं बर्फगार पाणी सकाळी सोडू नये. बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, पण त्यात प्राणवायू कमी. ते उंचावरून फवारत सोडावं. पाणी 18 च्या खाली गेलं की खाद्य निम्म्यावर. न खाल्लेली चपाती तळाशी कुजते, आणि चपाती मुळात द्यायचीच नसते.

एवढं करूनही एखाद्या माशाच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतातच. पाण्याचं तापमान झपकन उतरलं की हा परजीवी जोर धरतो. त्या माशाला वेगळ्या बादलीत, घरात उबेला ठेवून, लिटरमागे दोन-तीन ग्रॅम खडे मीठ हळूहळू विरघळवावं. मीठ हौदातच ओतलं तर चार किलो लागेल आणि कुमुद जाईल.

एवढं निभावलं की पाळी खंड्या, वंचक बगळा आणि दिवड या पाणसापाची. नायलॉनची जाळी पहिल्या दोघांना अडवते. दिवड फटीतून येतो, तो बिनविषारी असतो आणि मासे मोजून खात नाही. जानेवारीच्या दुपारी अकराच्या सुमाराला गप्पी पाण्याच्या वरच्या चार बोटांत, ऊन पडलेल्या भिंतीला टेकून गोळा होतात, तेव्हा जाळी नीट ताणलेली आहे ना, एवढं बघून घ्यावं. वंचकालाही ही वेळ ठाऊक असते.