सिलिंडर दोन, नळी एक

दोन सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर घेतलेला माणूस आमच्या दुकानात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यातला कुठला आत ठेवू?" माझं उत्तरही ठरलेलं: "आधी काडतुसं बघू." लोकांना वाटतं, हा प्रश्न टाळतोय. पण सिलिंडर म्हणजे शेवटी एक फिरतं नळकांडं आणि त्यातली सहा भोकं. त्यांत काय भरणार, यावर सगळं असतं. गेल्या शिकारीच्या हंगामात आलेल्या एका गृहस्थांच्या बाबतीत तर काडतुसांनीच निकाल लावून टाकला.

मी मूळचा भोसरीच्या टूलरूममधला. बायकोच्या नोकरीपायी कोलोरॅडोला आलो, ग्रीन कार्ड झाल्यावर ट्रिनिडाड गावच्या कॉलेजात बंदुकांच्या दुरुस्तीचा रीतसर कोर्स केला. हा कोर्स तिथे १९४७ पासून चालतो. आता डोंगराच्या पायथ्याशी एका छोट्या गावात गनस्मिथच्या बाकावर बसतो. पुण्यातल्या नातेवाइकांना 'बंदुकीचं दुकान' म्हटलं की भलतंसलतं डोळ्यांपुढे येतं. काम खरं तर पूर्वीचंच आहे. मायक्रोमीटर, फिलर गेज, पिन गेज आणि एका थाऊवरून, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागावरून, होणारे वाद.

हे गृहस्थ टपालखात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे. ट्राउट धरायला एकटेच डोंगरात जातात. हातात रुगर कंपनीची न्यू वकेरो, .४५ कोल्ट काडतुसाची, सोबत .४५ एसीपी या दुसऱ्या काडतुसाचा जादा सिलिंडर. जत्रेतल्या विक्रीत जुनी घेतलेली. बगलेत पुठ्ठ्याचं खोकं आणि खोक्यात चार तऱ्हेची काडतुसं.

ज्यांनी अशी वस्तू हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दर बाराला अंगठ्याने घोडा चढवायचा, मग चाप ओढायचा. नुसता चाप ओढून काही होत नाही. सिलिंडर बाजूला उघडत नाही. उजवीकडची छोटी झडप उघडून एकेक काडतूस भरायचं आणि नळीखालच्या दांडीने एकेक पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) मागे ढकलून काढायची. मधली पिन ओढली की अख्खा सिलिंडर हातात येतो. म्हणूनच त्याच्या जागी दुसरा बसवता येतो. मात्र दोन्हींच्या गोळीची जाडी एक हवी, कारण नळी एकच आहे. .४५ कोल्ट आणि .४५ एसीपी, दोन्हींची गोळी .४५२ इंचाच्या आसपास. वेगळी आहे ती पुंगळी. कोल्टची लांब, मागे कडा असलेली. एसीपीची आखूड, बिनकडेची, कारण ती पिस्तुलासाठी घडवलेली. दुसऱ्या प्रकारच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बिनकडेच्या पुंगळ्या काढायला पत्र्याच्या क्लिपा लागतात. इथे दांडी पुढून आत शिरून ढकलते, त्यामुळे कडा असली काय नि नसली काय.

कोल्टचं काडतूस १८७३ चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. काळ्या दारूला जागा फार लागते, म्हणून पुंगळी लांब. एसीपी १९०५ चं, ब्राउनिंगचं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन लष्कराने शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारात गुरांवर गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या (वाचवत नाहीत ते अहवाल) आणि निष्कर्ष काढला की गोळी .४५ चीच हवी. मग बिनधुराच्या दारूने तेवढंच काम अर्ध्या जागेत झालं. २५५ ग्रेनची (साधारण पंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) कोल्टची गोळी आणि २३० ग्रेनची एसीपीची गोळी, दोन्हींचा वेग सेकंदाला साधारण साडेआठशे फूट. गंमत अशी की आखूड काडतुसाचा दाब जास्त. एसीपीची कमाल मर्यादा २१,००० पीएसआय (चौरस इंचावरचा दाब, पौंडांत), कोल्टची फक्त १४,०००. कारण कोल्टमध्ये आजची दारू भरली तरी पुंगळीत बरीच पोकळी उरते. आणि पोकळी दिसली की हौशी माणसाचा हात शिवशिवतो. पुढची सगळी कथा त्या पोकळीतलीच.

गृहस्थांचा बेत साधा होता. एसीपी स्वस्त, कुठेही मिळतं, म्हणून तो सिलिंडर सरावाला. डोंगरात जाताना कोल्टचा, 'कारण त्यात दमदार माल बसतो'. मला फक्त मान डोलवायची होती.

मी आधी नंबर पाहिला. जादा सिलिंडर त्याच फ्रेमवर, म्हणजे सांगाड्यावर, बसवून जुळवलेला असतो आणि रिव्हॉल्व्हरच्या नंबराचे शेवटचे आकडे त्याच्यावर घातलेले असतात. जुन्या बाजारात हे सिलिंडर बिनदिक्कत अदलाबदल होतात. इथे नंबर जुळला. नळी आणि सिलिंडरमधली फट दोन्हींची पाच-सहा थाऊ, ठीक. पितळी दांडा नळीतून सहाही चेंबरांत, म्हणजे सिलिंडरच्या भोकांत, न अडखळता गेला. मग खोकं पुढे ओढलं.

एसीपीचे दोन डबे, २३० ग्रेन आणि १८५ ग्रेन. कोल्टचा एक डबा, २५५ ग्रेन शिशाची गोळी, कारखान्याचा माल. आणि चौथी प्लॅस्टिकची डबी, घरी भरलेल्या काडतुसांची. वर पांढरी चिकटपट्टी: '.४५ कोल्ट, ३०० ग्रेन, रुगर ओन्ली'. खाली पेन्सिलीने दारूचं नाव लिहिलेलं, पण बोटांनी पुसलं गेलेलं. रिव्हॉल्व्हरसोबत फुकट मिळाली होती म्हणे.

"ही रुगर आहे, आणि वर रुगर लिहिलंय," ते म्हणाले. तर्क बिनतोड. पण ती चिठ्ठी ज्या काळापासून चालत आलीय, तेव्हा .४५ कोल्टची रुगर म्हणजे मोठ्या फ्रेमची ब्लॅकहॉक. काडतुसं भरण्याच्या पुस्तकांत तिच्यासाठी वेगळा तक्ता असतो, ३०,००० पीएसआयच्या घरातला. १९९३ ची पहिली वकेरोही त्याच मोठ्या फ्रेमची. २००५ ला न्यू वकेरो आली ती मुद्दाम जुन्या कोल्टच्या मापाची, अंगाने लहान. मी व्हर्निअर लावून दाखवलं. सिलिंडरचा व्यास १.६७ इंच. मोठ्या फ्रेमचा १.७३ असतो. म्हणजे सिलिंडर दर बाजूला जेमतेम पाऊण मिलिमीटरने बारीक, आणि चेंबरची भिंतही पातळ. ऐकायला काहीच नाही. पण सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला सहा खाचा असतात, घोडा चढवला की खालून एक खिटी वर येते आणि खाचेत बसून सिलिंडर अडवते. आधीच पातळ झालेल्या भिंतीतच ही खाच कोरलेली.

"पण याच बंदुकीला एसीपीचे २१,००० चालतात ना? मग थोडे जास्त का नाही?"

प्रश्न चांगला होता. २१,००० चालतात म्हणून चाळीस टक्के जास्तही चालतील, असं कुणी लिहून दिलेलं नाही, एवढंच माझं उत्तर. हे बोलत असताना माझी नजर डबीतल्या एका ओळीवर गेली. बाकीच्या घरांत गोळ्यांची टोकं दिसत होती, या ओळीत पुंगळ्यांची रिकामी तोंडं.

"हे तुम्ही झाडले?"

"हो, गेल्या रविवारी. जोरदार आहेत. फक्त पुंगळ्या निघेनात. दांडीने ढकलून हात दुखला, शेवटी लाकडाच्या तुकड्याने ठोकल्या."

पुंगळी चिकटली म्हणजे दाब मर्यादेपलीकडे गेल्याचा दाखला. दाबाने पितळ भिंतीला असं काही बसतं की सैलच होत नाही. मी त्या पुंगळ्या बाकावर उभ्या केल्या. बुडाच्या, घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या टोप्या सपाट झालेल्या, कडेची गोलाई गेलेली. हे इतर कारणांनीही होतं, त्यावर मी फार विसंबत नाही. एकेक पुंगळी दिव्याखाली फिरवली. त्यांतल्या दोघींच्या अंगावर, बुडापासून थोडं वर, नखाएवढी चकचकीत जागा. मायक्रोमीटर लावला. त्या जागी तीन-चार थाऊ फुगीर, पलीकडच्या अंगाला सरळ.

मग कोल्टचा सिलिंडर घेतला आणि त्या दोघींतली एक पुंगळी एकेका चेंबरात घालून पाहिली. पाच ठिकाणी अडली. सहाव्यात टेकवून बोटाने हळूहळू फिरवली, आणि एका जागी खळ्ळकन आत बसली. बाहेरून बघितलं तर ती चकचकीत जागा बरोब्बर खाचेखाली. दुसऱ्या पुंगळीचं चेंबर तसंच शोधून काढलं. चेंबरात दिव्याचा झोत सोडला की खाचेमागे सावलीचं पुसट वर्तुळ दिसत होतं. पोलाद बाहेर सरकलेलं. खाचेचा तळ फुगला होता, दोन चेंबरांत.

मी दुकानाच्या मालकांना हाक मारली. ते माजी सैनिक, बोलणं कमी. त्यांनी पुंगळी बसवली, काढली, परत बसवली. म्हणाले, "हा गेला."

फुगलेलं चेंबर दुरुस्त होत नाही. ठोकून, घासून, पॉलिश करून काहीही होत नाही, सिलिंडर बदलायचा. पुढच्या बाराला फुटला असता का, मला ठाऊक नाही. पण सिलिंडर फुटतो तेव्हा बहुधा फ्रेमची वरची पट्टीही घेऊन जातो, आणि ती पट्टी डोळ्यांच्या रेषेत असते. फ्रेमवर सरळपट्टी लावून पाहिली. फ्रेम बचावली होती.

उरलेल्यांतली पाच काडतुसं मी त्यांच्यासमोर उकलली. त्यासाठी प्लॅस्टिकचा पोकळ हातोडा मिळतो. काडतूस आत अडकवून ठोकायचं, झटक्याने गोळी सुटते. दारू काट्यावर घातली. सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत जड भार यांत दीड ग्रेनहून जास्त फरक. दीड ग्रेन म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा, पण या कामात तो फार झाला. दारू कुठली हे नुसत्या डोळ्यांनी कुणी सांगू शकत नाही. सांगतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. भरलेला आकडा इथे मुद्दाम देत नाही, कुणीतरी वापरून बघायचा.

"माझ्या पुतण्याकडे ब्लॅकहॉक आहे. त्याला देऊ का उरलेली?"

कुणी भरली, कशाने भरली, किती भरली, यातलं काहीच माहीत नाही, फ्रेम मोठी असून उपयोग काय? माझे बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, काडतुसांच्या तपासणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडच्या संध्याकाळी, फोनवर त्यांना हे सांगितलं. फुगलेल्या सिलिंडरचं त्यांना विशेष वाटलं नाही. "डबीवर लॉट नंबर नव्हता?" एवढंच दोनदा विचारलं. "नव्हता बाबा. घरी भरलेली होती." "मग तू ती उकललीस कशाला? तशीच नष्ट करायची." लॉट नंबर नसलेल्या काडतुसाला हात लावणंच त्यांना मंजूर नाही.

ही .४५ ची जोडी त्या मानाने गरीब आहे, हेही सांगायला हवं. सिलिंडर चुकला तर निदान बार होत नाही. एसीपी कोल्टच्या चेंबरात टाकलं तर सेंटीमीटरभर आत बुडतं, घोडा पोचतच नाही. कोल्ट एसीपीच्या चेंबरात पुरतं जात नाही. खरा धोका .२२ च्या जोडीत. साधं .२२ एलआर काडतूस .२२ मॅग्नम या मोठ्या काडतुसाच्या सिलिंडरमध्ये सैल बसतं, तरी कडेमुळे अडकतं आणि उडतंही. व्यासात सोळा थाऊ मोकळीक, पितळ चिरतं, गॅस मागे तोंडाकडे. आमच्या काउंटरवर पोरांसाठी घेतलेल्या सगळ्यात जास्त बंदुका नेमक्या त्याच असतात. म्हणून त्या विकताना मी दोन सिलिंडर दोन रंगांच्या पिशव्यांत देतो.

काडतुसं उकलली त्याच दुपारी आम्ही मागच्या रेंजवर गेलो. आता प्रश्न सिलिंडरचा नव्हता, भाराचा होता. वकेरोच्या माशा, म्हणजे नेम धरायच्या खुणा, पक्क्या असतात, ब्लॅकहॉकसारखा स्क्रू फिरवून नेम हलवता येत नाही. बंदूक ज्या गोळीला धरून नेम साधते तीच तिची गोळी. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून पंधरा यार्डांवरून झाडल्या. १८५ ग्रेनच्या सगळ्या तीन इंच खाली. गोळी हलकी, झटका कमी, नळी कमी उचलते, म्हणून खाली. २३० ग्रेनच्या माशीच्या वर बोटभर, एकमेकींना चिकटून. पुंगळ्या दांडीने नुसतं टोचलं तरी बाहेर पडत होत्या. ते हसले. गेल्या रविवारचं आठवलं असावं.

"पण अस्वलाला हे पुरेल?"

कोलोरॅडोत अस्वल म्हणजे काळं अस्वल. ग्रिझली इथे १९७९ ला सान हुआन पर्वतात मारली गेली, ती शेवटची. काळं अस्वल बहुतेक वेळा माणसाचा वास आला की निघून जातं. २३० ग्रेनची कडक शिशाची, सपाट टोकाची गोळी घ्या, खोल जाते, आणि या बंदुकीत सहाही चेंबरं भरून चालतात. चाप ओढलेला असल्याशिवाय घोड्याचा ठोका टोपीपर्यंत पोचत नाही अशी आत सोय आहे. १८७३ च्या मूळ कोल्टमध्ये ती नव्हती, म्हणून लोक पाचच भरून घोडा रिकाम्या चेंबरावर ठेवत. आणि हे सगळं दुसऱ्या नंबरावर, असं मी म्हणालो. पहिल्या नंबरावर तिखटाचा स्प्रे, कारण धावून येणाऱ्या जनावरावर घोडा चढवत नेम धरणं सत्तरीतच काय, पंचविशीतही जमत नाही.

मोसम संपल्यावर रिव्हॉल्व्हर नव्या कोल्ट सिलिंडरसाठी न्यू हॅम्पशायरच्या कारखान्यात पाठवायचं ठरलं, सिलिंडर तिथेच जुळवून घ्यावा लागतो. उरलेली काडतुसं त्यांनी माझ्याकडे सोडली, थोडी नाराजीनेच. २५५ ग्रेनचा डबा मात्र घरी नेला, नव्या सिलिंडरला लागेल म्हणून. बिल करताना मालकांनी सपाट टोकाच्या गोळ्यांचे दोन डबे, पाठवणीचा खर्च आणि स्प्रेचा डबा मांडला. बाकी सगळ्याला ते कबूल झाले. स्प्रेच्या किमतीवरून मात्र पंधरा मिनिटं वाद घातला.