पेशंटचंही एक मत

मी स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन करते. त्यासाठी अमेरिकेत बाल्टिमोरला आल्यापासून इथल्या बऱ्याच गोष्टी अंगवळणी पडल्या, पण एक नियम अजून माझ्या डोक्यातून जात नाही. स्तनाच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला इथे संरक्षण खात्याच्या बजेटमधून पैसा मिळतो. हो, लष्कराच्या! कॅन्सर झालेल्या बायकांनी वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या दारात ठाण मांडलं, १९९२ साली ही योजना सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिला २१ कोटी डॉलर मिळाले. मला मात्र पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप आहे. या योजनेत संशोधनाचे अर्ज तपासायला शास्त्रज्ञांच्या शेजारी पेशंट बसतात. गुण देतात. आणि त्यांच्या मताचं वजन प्राध्यापकाच्या मताइतकंच असतं.

त्यामुळे अर्जाचा एक भाग साध्या भाषेत लिहावा लागतो. माझ्या अर्जातला तो भाग मी आमच्याकडच्या पेशंट-प्रतिनिधींपैकी एका बाईंना वाचायला दिला. निवृत्त शिक्षिका, आजार हाडांपर्यंत पोहोचलेला. त्यांनी पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचली. 'गाठीतल्या पेशी आजूबाजूच्या भागात कशा घुसतात' या वाक्याखाली रेघ मारली आणि शांतपणे विचारलं, "माझ्या पेशी तर कधीच घुसून बसल्यात. तुझ्या या कामात माझ्यासाठी काय आहे?"

मी रोज हेच घुसणं बघते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे बारीक तुकडे आम्ही कोलॅजेनच्या, म्हणजे शरीरात पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनाच्या, जेलमध्ये ठेवतो. सुरुवातीला तुकडा गोल, गुळगुळीत दिसतो. दोन दिवसांत त्याला टोकं फुटतात आणि पेशी एकमेकींना न सोडता, रांगेने जेलमध्ये शिरतात. रांगेच्या टोकाच्या पेशी वेगळ्या असतात, त्यांच्यात के१४ नावाचं प्रथिन असतं, हे याच शहरातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली हे बघताना तासन् तास जातात.

पण बाईंचा प्रश्न बिनतोड होता. कॅन्सरने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीने होत नाहीत, ती पसरल्याने होतात, आणि निदान होतं तेव्हा पेशी अनेकदा आधीच निघून गेलेल्या असतात. १९९० च्या दशकात, पेशी ज्या एन्झाइमांनी वाट पोखरतात ती बंद करणारी औषधं आली. मोठा गाजावाजा झाला, चाचण्या झाल्या आणि औषधं पडली. सांधेदुखीने पेशंट हैराण झाले ते वेगळंच. एक कारण हेच, की औषध मिळेपर्यंत आजार पसरून गेलेला होता.

मग मी त्यांना २०१९ मधलं एक संशोधन सांगितलं. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन गेलं की कॅन्सर पसरतो, असं आम्ही सगळे शिकलो होतो. उंदरांमध्ये ते काढून पाहिलं तर पेशी घुसल्या जास्त, पण दूरच्या अवयवात रुजल्या फारच कमी. म्हणजे घुसणं वेगळं आणि प्रवासात तगून दुसरीकडे रुजणं वेगळं. बाई म्हणाल्या, "मग हे दुसरं लिही."

हे सगळं होत असताना मला मिरजेची काकू आठवत होती. तिला शेवटपर्यंत 'साधी गाठ आहे' एवढंच सांगितलं. रिपोर्ट काका बघायचे, डॉक्टरांशी दादा बोलायचा. यात कुणाचं वाईट मन नव्हतं, तिला घोर लागू नये म्हणूनच सगळे धडपडत होते, आणि इथल्या लोकांनी यावरून आपल्याला शिकवायला आलेलं मला खपत नाही. इथे उपचारांच्या बिलापायी लोकांची घरं विकली जातात, परळच्या टाटामध्ये गरिबालाही दार उघडं असतं. तरीही काकूला कुणी काही विचारलं नाही, ते नाहीच.

आणि संशोधनाचं म्हणाल तर टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने काय केलं बघा. स्तनाच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचलं, तेच साधं भूल देण्याचं औषध. सुमारे १६०० स्त्रियांच्या चाचणीत पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंजेक्शनचा खर्च अगदी किरकोळ. ऑपरेशनमध्ये गाठीला हात लागतो तेव्हा पेशी पसरू शकतात; त्या नेमक्या क्षणी त्यांना अडवायचा हा विचार मुंबईत झाला, हे मी इथे भेटेल त्याला सांगते.

पुण्याच्या कॅन्सर-संशोधक कमल रणदिवे याच बाल्टिमोरला जॉर्ज गाय या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये येऊन गेल्या आणि परत जाऊन त्यांनी मुंबईत टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, लॅब उभी केली. त्या परतल्या, मग तू कधी? दर दिवाळीला फोनवर हा प्रश्न येतोच. तिकडे पीएचडी करताना प्रयोगांसाठी मागवलेल्या माझ्या अँटिबॉडी (पेशींतली प्रथिनं ओळखायला लागतात त्या) विमानतळावर कस्टम्समध्ये अडकून खराब झाल्या, वर्षातले कितीतरी महिने नुसते वाट बघण्यात गेले. इथे सकाळी काढलेली गाठ दुपारी माझ्या टेबलावर असते. जे काम मला करायचं आहे ते सध्या इथेच होतं. यात आईवडिलांना सोडून राहण्याचं समर्थन होतं का, ते मला ठाऊक नाही, पण मी पळून आलेली नाही.

अर्ज मी नव्याने लिहिला. बाईंनी तो पुन्हा वाचला आणि समासात लिहिलं, 'माझा आजार नऊ वर्षं गप्प होता. इतकी वर्षं निपचित पडलेल्या पेशींना जाग कशाने येते?' अर्जाचं दुसरं उद्दिष्ट आता तेच आहे.