दोन बॅटऱ्या, काम मात्र एकीलाच

जूनच्या पहिल्या आठवड्यात राधानगरीला काजवे बघायला गेलो होतो. काजवे भरपूर दिसले. रात्री साडेअकराला गाडीतला इन्व्हर्टर कुईं करून ओरडला आणि पंखा थांबला. मध्यरात्रीनंतर कधीतरी फ्रिजही गेला असावा, कारण मसाला लावून ठेवलेल्या दीड किलो मटणाचा डबा सकाळी बायकोनं एकदाच उघडला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. कोल्हापूरच्या माणसाला मटण फेकून द्यायला लागणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. आधीच्या मालकानं आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून तिची कॅम्पर केलेली. इंजिनाची बॅटरी वेगळी, आणि मागच्या पलंगाखाली 'घराच्या' दोन, १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर, म्हणजे शिशाच्या. त्या मी चौदाच महिन्यांपूर्वी नव्या घातल्या होत्या. ज्या दुकानातून घेतल्या तिथं गेलो, तर माणसानं मीटर लावलं न लावलं आणि म्हणाला, "डीप डिस्चार्ज केलाय तुम्ही, पार रिकाम्या केल्यात. वॉरंटीत बसत नाही. नवीन जोडी देतो, जुन्या एक्स्चेंजला लावतो." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. खिशात तेवढे पैसे नव्हते म्हणून वाचलो.

उद्यमनगरात एक वायरमन आहेत, ट्रक-टेम्पोची कामं करणारे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. मामांनी बॅटरीकडे बघितलंच नाही. म्हणाले, "किटली हाय का गाडीत? लावा."

साडेसातशे वॅटची किटली लावली. बॅटरीच्या खांबावर, म्हणजे टर्मिनलवर, मीटर धरलं, १२.१ व्होल्ट. इन्व्हर्टरच्या टोकावर धरलं, १०.८. वायरीभोवती अडकवलेलं क्लॅम्प मीटर ८० अँपिअर करंट दाखवत होतं.

"मधले सव्वा व्होल्ट कुठं गेले, सांगा बगू."

मी गप्प. मामांनी बॅटरीकडून इन्व्हर्टरकडं जाणाऱ्या वायरीकडे बोट केलं. बोटाच्या मागच्या बाजूनं तिच्या थिंबलला, म्हणजे वायर खांबावर आवळायला टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपीला, हलका स्पर्श केला आणि हात झटकन मागं घेतला. चटका बसला. १.३ व्होल्ट गुणिले ८० अँपिअर, म्हणजे शंभर वॅटच्या वर वीज नुसती वायरी आणि जोड तापवण्यात जात होती. त्यात बॅटरीचा काही दोष नाही. इन्व्हर्टर बिचारा स्वतःच्या टोकावरचे व्होल्ट बघतो आणि बॅटरी संपली समजून बंद पडतो.

मग त्यांनी ते थिंबल कापून काढलं आणि हॅक्सॉनं उभं चिरलं. हे मी जन्मात विसरणार नाही. बाहेरून चकचकीत, आतून तारा सुट्या, काही काळ्या-हिरव्या पडलेल्या, मधे चक्क पोकळी. कुणीतरी पकडीनं आणि हातोडीनं ठोकून बसवलेलं. वायरही १० स्क्वेअर एमएमची, म्हणजे या कामाला फारच बारीक.

पण खरी गंमत पुढं. गाडीकडं जाणारी प्लस आणि मायनस, दोन्ही वायरी एकाच बॅटरीवर बसवलेल्या होत्या, पुढच्या. मागची तिला तसल्याच भिकार वायरीनं शेजारीण म्हणून जोडलेली. जिथं अडथळा कमी, तिथून वीज जास्त वाहते. त्यामुळं लोड आला की पुढचीच राबायची, चार्जिंग आलं की तीच आधी झेलायची. मागची नावाला. दोघींना वेगळं करून पूर्ण चार्ज केलं, रात्रभर ठेवलं, सकाळी आतल्या आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावला (भरलेल्या बॅटरीत आकडा जास्त येतो): मागचीची ग्रॅव्हिटी १२४०, पुढचीची ११७०. चौदा महिन्यांत एक राबून मेली आणि दुसरी जवळपास नवी.

उपाय कागदावर दोन रेषांचा आहे. प्लस पहिल्या बॅटरीवरून घ्यायचा, मायनस दुसरीवरून. तिरकं. मग कुठल्याही बॅटरीतून निघालेला करंट तेवढीच वायर ओलांडतो आणि दोघी सारख्या राबतात.

एक मेली तर एकच नवी का घेऊ नये, असा माझा प्रश्न. मामा हसले. जुनीशेजारी नवी बांधली की नवीच जुनीच्या वळणावर जाते. तेव्हा जोडी बदलायचीच होती, आणि मी लिथियमकडं वळलो. लिथियम फेरो फॉस्फेट, १०० अँपिअर-अवरच्या दोन. आकडा ३०० वरून २०० वर आला तरी शिशाच्या बॅटरीतून निम्मी वीज वापरावी, तर हिच्यातून ऐंशी टक्के बिनधास्त, म्हणजे हिशेब १५० विरुद्ध १६०. वजन मात्र शंभर किलोच्या वरून पंचवीसवर. पैसे जास्त गेले, हे लपवत नाही.

काढताना क्रम पाळला: आधी छतावरच्या सोलर पॅनलचा स्विच बंद, मग मायनस, मग प्लस. पॅनल चालू असताना बॅटरी सोडवली तर पॅनलची वीज बॅटरीत सोडणारा चार्ज कंट्रोलर उडू शकतो. आणि मायनस आधी का? प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी पडू नये म्हणून. तरी पान्याला मी चिकटपट्टी गुंडाळली होती. बसवताना सगळं उलटं.

दोन्ही नव्या बॅटऱ्या आधी एकेकट्या फुल्ल चार्ज केल्या. एक भरलेली आणि एक अर्धी अशा जोडल्या, तर पहिल्याच क्षणी एकीकडून दुसरीकडं लोंढा जातो. वायर ३५ स्क्वेअर एमएमची, वेल्डिंगची, तांब्याची. मऊ असते, पलंगाखाली वळते. थिंबलं मामांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतली. एक जादा दाबून मुद्दाम चिरलं. आत तारा दिसतच नव्हत्या, नुसता तांब्याचा गोळा.

फ्यूज १२५ अँपिअरचा, प्लसच्या खांबापासून वीतभर अंतरावर. आधी तो इन्व्हर्टरजवळ होता, म्हणजे मधली दोन मीटर वायर राम भरोसे. लिथियमचा शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर धावतात, साधा फ्यूज जळूनही आतून ठिणगी चालू राहू शकते. म्हणून एवढा करंटही नक्की तोडणारा क्लास टी जातीचा मागवला. त्याला आठ दिवस लागले, तोवर गाडी अंगणात.

इंजिनाकडची वीज थेट घरच्या बॅटऱ्यांना जोडणारा जुना रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, काढून टाकला. लिथियम रिकामी असली की अधाशासारखी ओढते आणि इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर तापतो. त्याजागी २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, तो इंजिनाकडून मोजकीच वीज घेतो. सोलर कंट्रोलरमध्ये जाऊन चार्जिंग १४.२ व्होल्टवर आणलं आणि इक्वलायझेशन, म्हणजे अधूनमधून मुद्दाम जादा व्होल्टनं चार्ज करणं, बंद केलं. ते शिशाच्या बॅटरीसाठी असतं, लिथियमला घातक.

एवढं करूनही माती खाल्लीच. लिथियमचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास सारखेच राहतात, त्यावरून किती उरली ते कळत नाही, म्हणून मायनसच्या वाटेवर शंट बसवला होता, येणारी-जाणारी वीज मोजून किती टक्के उरली ते मीटरवर दाखवणारा. पन्हाळ्यावर दोन दिवस काढले, मीटर शंभर टक्के म्हणतंय. मी खूश. तिसऱ्या पहाटे बॅटरीच्या बीएमएसनं, म्हणजे तिच्या आतल्या राखणदार सर्किटनं, सगळं कापलं. अंधारात टॉर्च तोंडात धरून बघितलं, तर पंप आणि फ्रिजचा मायनस गाडीच्या बॉडीवर, आणि बॉडीची वायर मी थेट बॅटरीच्या खांबावर आवळलेली. येणारी वीज शंट मोजत होता, जाणारी त्याला वळसा घालून पसार. एक नट काढला, वायर शंटच्या पलीकडं लावली, पाच मिनिटांचं काम. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बॅटरीच्या मायनसवर शंट सोडून दुसरी वायर दिसली, की समजायचं कुणीतरी शाणपणा केलाय."

आता किटली लावली की बॅटरी आणि इन्व्हर्टरमधला फरक ०.१५ व्होल्ट येतो. थिंबलला हात लावून बसता येतं. डीसी-टू-डीसी चार्जरची वायर अजून ड्रायव्हर सीटखाली लोंबतेय, क्लिपा लावायच्या राहिल्यात. ते गणपती झाल्यावर.