वाघ भारी की अस्वल? ताडोबाच्या जिप्सीत रंगलेलं भांडण

ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाईल नेऊ देत नाहीत हे एक बेस्ट काम आहे, कारण जिप्सीत एकदा वाद पेटला की कोणी पटकन सर्च करून दुसऱ्याचं तोंड बंद करू शकत नाही, भांडण नीट शेवटपर्यंत जातं. आमचं भांडण होतं वाघ भारी की अस्वल. मोहर्ली गेटमधून सकाळी आत शिरलो तेव्हापासून चालू, आणि पुढे बसलेला गाईडभाऊ ऐकून गालातल्या गालात हसत होता. शेवटी त्याने जिप्सी थांबवायला लावली आणि म्हणाला, खाली धुळीत बघा.

रस्त्याच्या कडेला दोन्ही ठसे होते, एकमेकांपासून जेमतेम हातभर अंतरावर. वाघाचा पगमार्क गोल, मोठी गादी आणि वर चार बोटं, नखांचा पत्ताच नाही. अस्वलाचा ठसा एकदम वेगळा, पाच बोटं जवळजवळ एका सरळ रेषेत आणि त्यांच्या पुढे बऱ्याच अंतरावर नखांची टोकं रुतलेली. मागच्या पायाचा ठसा तर टाचेसकट उमटलेला, अनवाणी माणूस चालत गेला असं वाटावं असा.

आता खरं सांगायचं तर अर्धं उत्तर तिथेच होतं. वाघ बोटांवर चालतो, टाच कायम हवेत, म्हणून पावलांचा आवाज नाही आणि उडी मारायला पाय तयारच. नखं एका लवचिक लिगामेंटने आत ओढलेली असतात, म्हणजे ती आत ठेवायला वाघाला काही करावं लागत नाही, बाहेर काढायला मात्र पंजा ताणावा लागतो, त्यामुळे चालून चालून झिजत नाहीत आणि पकडायच्या वेळी धारदार मिळतात. अस्वलाची नखं आत जातच नाहीत. आपल्याकडच्या अस्वलाची पुढची नखं सहज सात-आठ सेंटीमीटरची, थोडी वाकडी आणि वाघाच्या मानाने बोथट. ती पकडायला नाहीतच, खणायला आहेत.

पुढे एका वळणावर वारूळ फोडलेलं दिसलं. भर उन्हाळ्यात वारुळाची माती कशी होते ते ज्याने कुदळ मारून बघितलीय त्यालाच माहीत, टिकाव उडतो. आणि त्या वारुळाला अस्वलाने बाजूने कोपरापर्यंत हात जाईल एवढं भोक पाडलेलं, आत नखांच्या समांतर रेघा स्पष्ट दिसत होत्या. मग तोंड आत घालून वाळवी ओढायची. यासाठी त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतातच, ती जागा रिकामी, टाळू खोलगट, ओठ लांब आणि नाकपुड्या मनात येईल तेव्हा बंद करता येतात म्हणजे धूळ आत जात नाही. आधी फुंकर मारून माती उडवायची आणि मग सूंऽऽ करून ओढायचं, हा आवाज जंगलात बऱ्याच लांबून ऐकू येतो. आता मला सांगा, तासन्तास हे काम करणाऱ्या प्राण्याच्या खांद्यात आणि दंडात काय दम असेल. आमच्या वाघवाल्या मित्राला हे पटेना. त्याचं म्हणणं, खणणं वेगळं आणि मारणं वेगळं. बरोबर आहे की, पण मी तरी दुसरं काय म्हणत होतो!

मग वाघ दिसला. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला, पाठोपाठ वानराचा, आणि बांबूतून एक नर सरळ रस्त्यावर आला आणि आमच्या पुढे आरामात चालायला लागला. मी यावेळी चेहरा वगैरे सोडून फक्त खांदे बघत बसलो. प्रत्येक पावलाला खांद्याचं चपटं हाड पाठीच्या वर यायचं आणि खाली जायचं, कातडीखाली सगळं सरकताना दिसत होतं. वाघाची कॉलरबोन नावापुरती असते, छोटीशी, कुठल्याच हाडाला न जोडलेली, त्यामुळे पुढचा पाय छातीला नुसत्या मसल्सनी टांगलेला असतो. म्हणून पाऊल लांब पडतं, आणि उडी मारून खाली आलं की दणका हाडाला न बसता मसल्समध्ये जिरतो. वर कणा इतका लवचिक की मागचे पाय पार पोटाखाली येतात.

आणि जबडा. वाघाचं तोंड आखूड आहे हे आपण रोज फोटोत बघतो पण का ते कधी विचारात घेत नाही. अडकित्त्यात सुपारी टोकाला धरली तर फुटत नाही, खिळ्याजवळ सरकवली की कट्, तसंच आहे हे, तोंड आखूड म्हणजे सुळे जबड्याच्या सांध्याजवळ आणि जोर वाया जात नाही. वाघाला दात फक्त 30, अस्वलाला 40. वाघाच्या दाढा एकमेकींवर घासत मांस कापतात, जबडा वर-खाली होतो पण बाजूला हलत नाही, चावून बारीक करणं हा प्रकारच नाही. अस्वलाच्या दाढा चपट्या, मोहाची फुलं, बोरं, जांभळं, किडे, मध, जे मिळेल ते चालतं. वाघाला एकच काम, मान किंवा गळा पकडायचा आणि सोडायचा नाही. या एकाच कामाच्या जिवावर तो गवा पाडतो, आणि मोठा गवा म्हणजे 800-900 किलोच्या घरात जाणारं जनावर. अस्वलाकडे असा ठरलेला मारायचा चावा नाहीच, ते उभं राहतं, पंजे मारतं, चावतं, आरडाओरडा करतं.

वजनाचं म्हणाल तर ताडोबात सामना बरोबरीचा नाहीच. नर वाघ 200 किलोच्या आसपास किंवा वरच, अस्वलाचा नर साधारण 80 ते 145. रशियाच्या सिखोते-अलिन डोंगररांगेत गणित बदलतं, तिथली तपकिरी अस्वलं वाघापेक्षा जड होऊ शकतात, तिथे वाघाने अस्वल मारून खाल्ल्याच्या नोंदी आहेत आणि अस्वलाने वाघाला हाकलून त्याची शिकार बळकावल्याच्याही. पोलर बेअर तर सोडूनच द्या, मोठा नर वाघाच्या दुपटीच्या वर जातो. त्यामुळे कुठलं अस्वल, कुठला वाघ हे न सांगता भांडणाऱ्यांशी मी यापुढे बोलणार नाही.

पण मग 2018 च्या फेब्रुवारीत इथेच जे झालं त्याचं काय? गाईडभाऊने विषय काढलाच. मटकासूर नावाचा तगडा नर आणि पिल्लू बरोबर असलेली अस्वलीण, पाणवठ्याजवळ जुंपली, व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल. वाघाने तिला खाली दाबून धरलं होतं, तरी ती सुटली आणि उलट त्याच्याच अंगावर गेली. दोघंही रक्तबंबाळ, आणि वाघाने नाद सोडला. मला वाटतं मानेवरचे ते लांब दाट केस आणि खालची सैल कातडी इथे कामाला आली असणार, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाघाला एकट्याने शिकार करून जगायचंय, पंजा किंवा सुळा मोडला तर तो उपाशी मरेल. अस्वलाला दुसऱ्या दिवशी वाळवी पळून जाणार नसते. म्हणून हिशोब वाघ करतो, अस्वल करत नाही.

गाईडभाऊचं मत त्याच्याच शब्दात देतो, "वाघ येते अन् आपल्या रस्त्यानं जाते जी. अस्वलाचं काही खरं नाही, थे पयले अंगावर येते अन् मंग पायते कोन हाय." गावातली माणसं पहाटे मोहफुलं वेचायला जातात तेव्हा वाघापेक्षा अस्वलाला जास्त घाबरतात, कारण त्याची नजर कमजोर, वास तेवढा तेज, आणि नाक मातीत खुपसलेलं असलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. मग दचकून थेट हल्ला.

परतताना अस्वल दिसलं पण. उतरत्या उन्हात रस्त्याजवळच खणत होतं, आमची चाहूल लागली तसं मागच्या पायांवर उभं राहिलं, नाक वर करून हुंगायला लागलं, छातीवरचा पांढरा पट्टा समोर. सकाळी वाघ एवढ्या जवळून गेला तेव्हा जो पठ्ठ्या "अजून पुढे घे ना" म्हणत होता तोच आता ड्रायव्हरचा खांदा दाबून "मागे घे, भाऊ मागे घे" करत होता. ड्रायव्हरने त्याच्या आधीच रिव्हर्स टाकला होता.

जाणार असाल तर एप्रिल-मेमध्ये जा, ऊन भयंकर असतं पण पाणवठ्यावर सगळे येतात, पावसाळ्यात कोअर बंद असतं. आणि गाईडला सांगा की नुसता वाघ नको, ताजी फोडलेली वारुळं पण दाखव.