मागावरच्या घरांची कादंबरी

सोलापूर, १२ जानेवारी

१९३१ साली आजच्याच तारखेला स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सध्या माझे वाचन ऐतिहासिक कादंबऱ्यांचेच चालू असल्यामुळे दिवसभर एक प्रश्न मनात घोळत राहिला : आमच्या शहराची कादंबरी कुणी लिहायला घेतलीच, तर त्याने काय जसेच्या तसे ठेवावे आणि काय कल्पनेने उभे करावे? ही चार नावे, ही तारीख आणि मे १९३०मध्ये शहरावर लादलेला लष्करी कायदा, यांना त्याने हात लावू नये, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र गांधी टोपी घातली म्हणूनही शिक्षा होत होती त्या दिवसांत पूर्व भागातल्या एखाद्या विणकराच्या बायकोने घरातली टोपी कुठे लपवली असेल, हे कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. ते लिहिण्याचा अधिकार कादंबरीकाराचाच आहे.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ओळखली जाणारी ‘मोचनगड’ १८७१ सालची. तिच्या नावातच गड आहे, आणि पुढेही ही वाट बहुतांशी गड, दरबार आणि लढाया यांच्याच अंगाने गेली. त्या कादंबऱ्यांवर मी लहानपणापासून जीव लावला आहे. तरीही १८७६-७७च्या दुष्काळात होरपळलेल्या आणि १८७७ साली जुनी मिल उभी राहिलेल्या या गावात तेलंगणातून कुटुंबेच्या कुटुंबे माग चालवण्यासाठी येत राहिली, त्यांच्या वाटचालीत कादंबरीला पुरून उरेल एवढे द्रव्य आहे, असे मला मनापासून वाटते. आमचे पणजोबा त्यांतलेच. त्यांच्या मूळ गावाचे नाव घरातली दोन वडीलधारी माणसे दोन प्रकारे सांगतात, आणि कागद एकही नाही.

कागद नसला तरी काहीच उरले नाही, असे नव्हे. आजी कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) भरायला बसली की मी शेजारी बसून पाहत असे. धागा तुटला तर ती बोट जिभेला लावून दोन्ही टोके अशी पिळून जोडी की, सांधा कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नसे. हे तिला तिच्या सासूने शिकवले होते, आणि त्या सासूला कुणी, ते सांगणारे आता कुणी नाही. वारसा म्हणतात तो आमच्या घरात असा हातांतून आला. विणकराच्या घरावर लिहिणाऱ्याला ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे धागे, ते ठोकून बसवणारी फणी आणि आडवा धागा ओढून नेणारा धोटा यांची कामे ठाऊक नसतील, तर त्याने कितीही बखरी चाळल्या असल्या तरी ते घर पुस्तकात उभे राहणार नाही.

भाषेचेही तसेच. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कन्नड आणि गल्लीच्या तोंडाशी उर्दू बोलणारी माणसे एकाच भारदस्त मराठीत संवाद करू लागली, तर ती सोलापूरची राहत नाहीत. नारळी पौर्णिमेला नवे जानवे घालून आम्हा विणकरांच्या मार्कंडेयाच्या रथापुढे चालणारे आमचे घर संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांवर, म्हणजे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठ्यांवर, तितक्याच भक्तीने अक्षता टाकते, आणि यातले उपरे कोणते, असे आम्हाला कधी वाटलेले नाही. अस्मितेवर पानेच्या पाने लिहिण्यापेक्षा लेखकाने या दोन दिवसांतले घर नीट दाखवावे.

मला भीती वाटते ती एकाच मोहाची : पूर्वज म्हटला की त्याला वीर करून टाकण्याच्या. आमचे पणजोबा १९३०च्या मोर्चांत होते की नाही, हे सांगणारे कुणी उरलेले नाही. मजुरी बुडू नये म्हणून ते त्या दिवशीही मागावरच बसले असतील, तर कादंबरीत ते तसेच यावेत, आणि बाहेरची आरडाओरड ऐकताना त्यांना काय वाटले असेल, ते लेखकाने प्रामाणिकपणे शोधावे. मला ते वाचायचे आहे.