सकाळची चाल, संध्याकाळची चाल

जतच्या बाजूची आठ वर्षांची मुलगी. फाइलवर 'सेरेब्रल पाल्सी', म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष, असं लिहिलेलं आणि टाचेमागची शीर सैल करण्याच्या ऑपरेशनचा सल्ला. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशनच्या आधी व्यायामाने काही फरक पडतो का बघू, म्हणून घरच्यांनी तिला माझ्याकडे आणलं होतं.

फाइल वाचतानाच काहीतरी जुळत नव्हतं. पूर्ण दिवसांचं बाळंतपण, जन्मल्याबरोबर रडली, कावीळ नाही, झटके नाहीत. वर्षाची झाल्यावर चालायला लागली आणि पाच वर्षांची होईपर्यंत अंगणात पोरांबरोबर पळत होती. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला इजा होते ती जन्माच्या आसपास किंवा अगदी तान्हेपणी. पाच वर्षं नीट पळालेला पाय त्यानंतर हळूहळू आत वळू लागला, तर शंका घ्यायलाच हवी.

मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत चाल मोजायला इन्फ्रारेड कॅमेरे आणि जमिनीत बसवलेल्या दाबपट्ट्या असतात. माझ्याकडे आहे ती एक लांब खोली, फरशीवर चिकटपट्टीने आखलेली वाट, तिपाईवर सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा मोबाइल आणि 'किनोव्हिया' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. खुबा, गुडघा, घोटा आणि करंगळीचं मूळ इथे खुणा लावायच्या असतात. त्या दिवशी माझे स्टिकर संपले होते, तर तिच्या आईने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून दिलं. मखमली लाल टिकल्या, चमक अजिबात नाही, त्यामुळे व्हिडिओत अगदी स्वच्छ उठून दिसतात. तेव्हापासून मी त्याच वापरते. कॅमेरा मात्र दर वेळी त्याच उंचीवर आणि वाटेला काटकोनातच लागला पाहिजे. तो तिरका झाला की सगळे कोन खोटे येतात.

ती पहिल्या गाडीने यायची, त्यामुळे सुरुवातीचे सगळे व्हिडिओ सकाळचे. उजवं पाऊल जरासं आत, टाच हलकी टेकते. दोष आहे, पण बेताचा. हिला ऑपरेशन कशाला सुचवलं असेल, हेच मला कळेना. आई म्हणायची, "सकाळचं बरंच चालतीय ओ मॅडम. दिस कलला की पाय वाकडा हुतोय." हे तिने आधीही ठिकठिकाणी सांगितलं होतं. पोर दमत असेल, असं प्रत्येकाने तिला समजावलं होतं.

मग एकदा त्यांची सकाळची गाडी चुकली आणि मायलेकी संध्याकाळी साडेपाचला पोचल्या. दारातून मुलगी आत आली ती आईचा दंड धरून, उजव्या चवड्यावर. मी लगेच टिकल्या लावल्या, त्याच वाटेवरून चालवलं आणि आठवड्यापूर्वीचा सकाळचा व्हिडिओ शेजारी ठेवून दोन्ही एकदम सुरू केले.

पाय हवेतून पुढे येताना गुडघा साधारण ६० अंशांत वाकतो, म्हणून चवडा जमिनीला घासत नाही. सकाळी तिचा गुडघा जवळपास तेवढा वाकत होता. संध्याकाळी निम्माही नाही. पाय बाहेरून फिरवून आणावा लागत होता. सकाळी आधी टाच टेकत होती, संध्याकाळी आधी करंगळीची कड. फ्रेम थांबवली तर अंगठा वर ताणलेला आणि पाऊल आत पिळलेलं. मेंदूच्या जुन्या इजेने ताठरलेला पाय दमल्यावर थोडा बिघडतो, हे खरं. पण तो सकाळी असा मोकळा होत नाही. मला घाम फुटला, कारण ऑपरेशनची बोलणी बरीच पुढे गेली होती.

आईला मी तीन वेळांचे व्हिडिओ काढायला सांगितले: उठल्याबरोबर, दुपारी झोपायच्या आधी आणि त्या झोपेतून उठल्यावर. मोबाइल ओट्यावर टेकवून तिने ते इतके नेटके काढले की मला काही दुरुस्त करावं लागलं नाही. तासाभराच्या झोपेनंतर पाऊल पुन्हा सरळ पडत होतं.

हे सगळं मी मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. व्हिडिओवरून निदान करणं माझं काम नाही. कुठे बघायचं ते दाखवणं हे माझं काम. त्यांनी एमआरआय केला, तो स्वच्छ निघाला. मग लेव्होडोपा (थोडक्यात 'डोपा', ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनतं ते औषध) अगदी कमी मात्रेत सुरू केलं. त्यांचा संशय डोपाला प्रतिसाद देणाऱ्या डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू आपोआप आवळून अवयव पिळणाऱ्या विकाराचा होता. दिवसभरात वाढत जाणारा आणि झोपेने उतरणारा हा आजार जपानच्या मासाया सेगावांनी १९७६ मध्ये सविस्तर मांडला, म्हणून त्याला सेगावा आजारही म्हणतात. मेंदूत डोपामाइन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणारी साखळी एका जनुकाच्या दोषामुळे अडते. मुलींमध्ये तो जास्त दिसतो आणि सेरेब्रल पाल्सी समजून वर्षानुवर्षं भलतेच उपचार चालू राहिल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. गोळी मात्र साधी, स्वस्त आणि बहुतेक वेळा आयुष्यभर लागू पडणारी.

आठवड्याच्या आतच आईचा फोन आला. संध्याकाळी पोरगी शेजारच्या घरापर्यंत एकटी जाऊन आली होती. पुढच्या भेटीला मी मुद्दाम संध्याकाळीच बोलावलं. टाच आधी टेकली. गुडघा सकाळइतकाच वाकला. आई पडद्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "ह्येच सांगत हुते की मी." खरंच, तिने पहिल्या दिवसापासून बरोबर सांगितलं होतं. ऑपरेशन रद्द झालं. इतका आनंद मला या कामात क्वचितच झाला आहे.

जनुकाचा दोष घराण्यातून येतो आणि तो असूनही एखाद्याला काहीच त्रास होत नाही, म्हणून तज्ज्ञांनी वडिलांकडच्या माणसांची चौकशी केली. मुलीची आत्या लहानपणापासून लंगडते; पोलिओ म्हणूनच सगळे धरून चालले होते. तिची भाकऱ्या थापून झाल्यानंतरची आणि दिवेलागणीची चाल आता माझ्या मोबाइलवर आली आहे. दोन्हींत फरक आहे. पुढच्या महिन्यात तिलाही तपासायला नेणार आहेत.