तीन चाकू आणि दीड किलो पेरू

साताऱ्याहून पुण्याला आजवर शे-दोनशे खेपा झाल्या असतील, पण मांडीवरची बॅग इतकी घट्ट धरून मी कधी बसलो नव्हतो. बॅगेत स्वेटर, स्वेटरच्या घडीत पायमोजा आणि पायमोज्यात चाकू. शेजारच्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं तरी वाटायचं, ह्याला कळलं.

चाकू तरी केवढा! ओपिनेलचा आठ नंबर, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ. फ्रान्समधल्या सावुआ नावाच्या डोंगराळ भागात १८९० पासून हे चाकू बनतात. तिकडचे लोक त्यानं पाव-चीज कापतात, मी भाकरीबरोबरचा कांदा. कायदाही मला तोंडपाठ आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुऱ्यांसाठी मर्यादा आहे ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, आणि त्यातही घरकामाची, शेतीची हत्यारं वगळलेली. माझं पातं साडेतीन इंचही भरत नाही. पण पोलिसांचा मनाई आदेश निघाला की त्यात काठ्या-भाल्यांच्या रांगेत 'सुरे' असतातच, आणि 'कोयता गँग' या दोन शब्दांनी गेल्या काही वर्षांत पुण्यात धार असलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव घालवलंय. चौकातल्या हवालदाराला मी काय इंचपट्टी लावून दाखवणार होतो?

निमित्त होतं घडीच्या चाकूंच्या शौकिनांच्या मेळाव्याचं. मेळावा म्हणजे नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भाड्यानं घेतलेला हॉल आणि बावीस-तेवीस माणसं, सगळी व्हॉट्सॲपवरच्या ओळखीची. हौसेनं चाकू बनवणाऱ्या तिघांनी आपापले नवे नमुने आणायचे, बाकीच्यांनी ते हाताळून नावं ठेवायची, आणि मग त्यांनी घरी जाऊन सुधारायचे. पुण्यात नावं ठेवायला माणसं जमवणं अवघड नाही.

कात्रज चौक ते स्वारगेट एवढ्याच टप्प्यानं पाऊण तास खाल्ला, तरी मी दीड तास आधी पोचलो. मग केळकर संग्रहालयात गेलो. तिथल्या अडकित्त्यांसाठी मी निमित्तच शोधत असतो. कुठं पक्षी, कुठं माणसांची जोडी, काय काय घडवलंय लोकांनी सुपारी फोडायला! माझी नजर मात्र आधी खिळ्यावर जाते. दोन्ही पाती जोडणारा तो एक खिळा सैल पडला तर सुपारी निसटते, आवळला तर अंगठा दुखतो. घडीच्या चाकूतली निम्मी विद्या त्या खिळ्यात आहे. आईची घडीची विळी त्याच कुळातली. तीस वर्षं ती ओट्याखाली पाय दुमडून बसलेली आहे, आणि तिच्या खिळ्याबद्दल घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

हॉलच्या दारावर कागद चिकटवलेला होता : "पादत्राणे बाहेर काढावीत. चाकू आत काढावेत. धार लावून मिळणार नाही, विचारू नये." बरं वाटलं. योग्य गावात आलो होतो.

आत सतरंजी, सतरंजीवर हिरवं कापड आणि कापडावर तीन चाकू. पहिली चाळीस मिनिटं कुणी काहीही कापलं नाही. मी घड्याळ लावून सांगतोय. पोलाद कुठलं, डी-टू की फोर्टीन-सी-ट्वेंटी-एट-एन, रॉकवेल किती, म्हणजे पोलाद किती कडक, खिळ्याभोवती वॉशर फॉस्फर ब्राँझचा की बेअरिंग, हे सगळं झालं. दहा खिशांचं जाकीट घातलेले एक गृहस्थ प्रत्येक चाकू कानाजवळ नेऊन उघडत-मिटत होते. त्यांचं बघून बाकीचेही. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलं बॉलपेनची टिकटिक करतात, तसला आवाज खोलीभर. मी फार वैतागलो. एवढ्या लांबून आलो होतो आणि एकाच्याही पात्याला कसला रस लागलेला नव्हता.

आता इथं कबूल करायला हवं की माझ्याकडं अकरा चाकू आहेत आणि त्यांपैकी नऊ जणांनी आयुष्यात पाकिटं फोडण्यापलीकडं काही केलेलं नाही. तरीही वैतागलो. दुसऱ्यांत आपला दोष दिसला की माणूस जरा जास्तच वैतागतो.

मी जिना उतरून खाली गेलो आणि पेरू घेतले. हातगाडीवाल्याकडं सुट्टे नव्हते, म्हणून एक किलोचे दीड किलो झाले. मीठ-तिखटाची पुडी मात्र त्यानं न मागता दिली. वर आलो आणि पिशवी थेट हिरव्या कापडावर ठेवली. जाकीटवाले म्हणाले, "अहो, कापडाला डाग पडतील."

पहिला नमुना भोसरीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या तिशीतल्या मुलाचा. देखणा म्हणजे काय! टायटॅनियमची करडी मूठ, डी-टूचं पातं, आणि मुठीबाहेर डोकावणारी एक शेपटी. तिच्यावर बोट दाबलं की पातं आपोआप बाहेर. उघडलेलं पातं अचानक मिटू नये म्हणून लॉक असतं. याचं लॉक फ्रेम लॉक, म्हणजे मुठीचाच कापून मोकळा केलेला एक भाग आत सरकून पात्याच्या बुडाला टेका देतो. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह यांची ही युक्ती आता जगभर चालते. धार अशी की त्या मुलानं हातावरचे केस सफाचट करून दाखवले.

मी पेरूवर पातं ठेवून दाबलं. ते निम्म्यापर्यंत गेलं, आणि मग पेरूच 'कडक' करून दुभंगला. एक फोड उडून सतरंजीवर पडली. कापला कुठला, ओंडका फुटावा तसा फुटला होता. दुसरा घेतला, तीच तऱ्हा. खोलीतली टिकटिक थांबली.

"धार बसलेली दिसतेय," जाकीटवाले म्हणाले. केस काढणारी धार दोन पेरूंत बसत नसते. त्या मुलाला कळलं होतं. त्यानं खिशातून व्हर्नियर काढला (असल्या मेळाव्यात व्हर्नियर सगळ्यांच्या खिशात असतो, रुमाल नसतो) आणि धारेच्या लगेच मागं पात्याची जाडी मोजली. पाऊण मिलिमीटरच्या वर निघाली. पाठीला तर चार मिलिमीटर. धार टोकाला असते, पण कापणं अवलंबून असतं टोकामागं काय येतंय त्यावर, आणि याच्या मागं भिंत येत होती. मग मी पायमोज्यातून ओपिनेल काढला. त्याचं पातं पाठीलाच दोन मिलिमीटरहून पातळ. पेरूची चकती अशी पडली की पलीकडचं हिरवं कापड दिसावं. त्या मुलानं वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर केली नाही. मला उगाच अपराधी वाटलं.

दुसरा नमुना अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीचा. तिनं आधी प्लॅस्टिकमध्ये छापलेल्या पाच मुठी डब्यातून आणल्या होत्या. पहिली तिच्या स्वतःच्या हाताची, बाकीच्या आई, भाऊ, शेजारच्या काकू अशा एकेकाच्या हातात देऊन बदलत नेलेल्या. या खोलीत कुणी काकूंच्या हाताचा विचार केला असेल असं मला वाटलं नव्हतं. कापायलाही चांगला होता. पण एका पोरानं लॉक बघायला म्हणून पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच आपटली आणि लॉक सुटलं. पातं मिटलं. बोटं बाजूला होती म्हणून बरं. लायनर लॉकमध्ये आतली पातळ पट्टी पात्याच्या ज्या तोंडाला टेकते, त्याचा उतार सात-आठ अंशांच्या आसपास ठेवतात. उतार वाढला की पट्टी घसरते, कमी झाला की चिकटून बसते आणि सोडवताना नख जातं. तिनं शांतपणे ते तोंड भिंगाखाली बघितलं आणि म्हणाली, "घासताना माझा हात फिरलाय." एवढंच. कारण नाही, सबब नाही. त्या पोराला मात्र मी झापलं. आपटून बघायचं तर आधी विचारावं.

तिसरा चाकू त्या वेळेपर्यंत कुणी फारसा उचललाच नव्हता. टूलरूममध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक काका भिंतीला टेकून बसले होते, चाकू त्यांचा. शिसवी मूठ, पात्यावर नखासाठी खाच, लॉक नाहीच. पाठीतल्या पट्टीच्या जोरावर उघडा राहतो आणि त्याच जोरावर मिटलेला. खाचेत नख घालून ओढला, 'टक्', अर्ध्यावर काटकोनात थांबला. आणखी ओढला, पुन्हा 'टक्', पूर्ण उघडला.

"मधे थांबतो कशाला?" मी विचारलं.

"मिटताना बोट काढून घ्यायला वेळ नको का? लॉक नाही त्याला. मग शहाणपण कुठंतरी घालावं लागतं."

पोलाद बेअरिंगचं. जुन्या बेअरिंगची रिंग तापवून सरळ केलेली आणि ठोकून पट्टी काढलेली. शौकीन लोक त्याला फिफ्टी-टू-वन-हंड्रेड म्हणतात, काका नुसतं बेअरिंग म्हणतात. तापवलेल्या पात्याला पाणी कशात दिलं विचारलं, तर म्हणाले, "तेलात. म्हणायचं पाणी, द्यायचं तेल." नंतर पात्याचा ठिसूळपणा घालवायला घरच्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर दोन-दोन तास, दोन वेळा. काकूंनी त्यानंतर त्या ओव्हनमध्ये नानकटाई केलेली नाही म्हणे.

मग काकांनी स्वतःच पेरू उचलला, हातातल्या हातात, पाट नाही की टेबल नाही, आणि अंगठ्याकडं पातं ओढत आपल्या आया कापतात तशा फोडी केल्या. आवाजच नाही. फोडी कागदावर मांडल्या, पुडी सोडली, मीठ-तिखट भुरभुरलं आणि कागद फिरवला. बावीस माणसं पेरू खायला लागली. एवढ्या वेळात पहिल्यांदा खोली गप्प होती. तेवढ्यात पात्याकडं बघितलं तर त्यावर निळसर करडी छटा चढायला लागली होती. या पोलादात गंज-डाग रोखणारं क्रोमियम जेमतेम दीड टक्का. डी-टूमध्ये बारा असतं तरी ते स्टेनलेस म्हणवून घ्यायला कमीच पडतं. हे तर पेरूलाही दाद देणार.

"काका, पुसा, डाग पडतोय," कुणीतरी म्हणालं.

"पडू दे. पहिलाच आहे."

आता मी जे बघायला आलो होतो ते सुरू झालं. एकेकाच्या खिशातून एकेक चाकू निघायला लागला आणि प्रत्येकाला पेरू हवा झाला. जाकीटवाल्यांनी सगळ्यात शेवटी एक डबी काढली, डबीतून मऊ कापड, कापडातून चाकू. कारखान्यातून आलेली धार अजून तशीच. त्यांनी पेरूवर पातं ठेवलं आणि हात थरथरला, खोटं सांगत नाही. मग कापला. त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं. दुसरी फोड त्यांनी मला दिली. मी सकाळपासून त्यांच्याबद्दल मनात जे जे बोललो होतो, ते त्या फोडीबरोबर गिळलं.

काकांनी माझा ओपिनेल बघायला घेतला. मी त्यांना सांगितलं की आषाढात आमच्याकडं याची मूठ इतकी फुगते की पातं आत अडकून बसतं, मग मुठीची शेपूट टेबलावर आपटून ते बाहेर काढावं लागतं. ते हसले. "जवसाचं तेल पाज त्याला. आणि एवढं करून नाही ऐकलं, तर पावसाळ्यात विळी आहेच."

जेवण कुठंतरी झालं, बरं नव्हतं, महाग होतं.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. ओपिनेल आता पायमोज्यात नव्हता. दिवसभराच्या उत्साहात मी तो बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकला होता, पेरूचा वास येत होता त्याला. खेड-शिवापूरच्या पुढं शेजारच्या मावशींनी पिशवीतून सफरचंद काढलं. मांडीवर नातू, सहा-सात वर्षांचा, पुढचे दोन्ही दात पडलेले. त्यानं चावायचा प्रयत्न केला, सालीवर नुसता ओला ठसा उमटला.

मावशींनी इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "दादा, चाकू हाय का वो तुमच्याकडं?"

समोरच्या सीटवरच्या दोघांनी मागं वळून बघितलं. कंडक्टर तिथंच उभा होता.

"नाही हो, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी सफरचंदाचा एक तुकडा आपल्याच दातांनी तोडला आणि पोराच्या हातावर ठेवला. साताऱ्यापर्यंत त्यांनी ते अख्खं सफरचंद तसंच भरवलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो.